कार्थेजचे बारा हत्ती

"डोळा काढायचा, पण एकच," फणसेकाका म्हणाले. "डावा काढ. उजवा तसाच राहू दे."

माझ्या हातात बोटाच्या पेराएवढा शिशाचा घोडेस्वार होता. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी तोवर मिळून सात वर्षं आखणीचं काम केलं होतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग झाला, दागिने झाले, की शेवटी आखणीवाला बसतो. एका डोळ्याचं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं आणि करायला हात धजत नव्हता.

"हा हॅनिबल, कार्थेजचा सेनापती," काका म्हणाले. "इटलीत शिरताना दलदलीतून चार दिवस चालला. डोळे आले, औषधपाणी करायला वेळ नव्हता, एक डोळा गेला. त्यानंतरसुद्धा चौदा वर्षं रोमशी त्यांच्याच मुलखात लढत होता. काढ तू."

मी श्वास रोखून, ब्रशच्या टोकाच्या दोन केसांनी डावा डोळा काढला. भिंगातून पाहिलं तर त्या एवढ्याशा चेहऱ्यावर एकदम जरब आली होती. काकांनी स्वार हातात घेतला, मान जरा तिरकी केली आणि बराच वेळ चेहऱ्यासमोर धरून ठेवला. "छान झालाय," म्हणाले. त्यांना त्यातलं काहीच दिसलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मुकुंद फणसे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. रिटायर होऊन पेणला भोगावतीच्या काठाजवळ स्वतःच्या घरात राहत होते. बायको वारली होती, मुलगी बडोद्याला होती. अनंत चतुर्दशी झाली की आमच्या कारखान्यात काम मंदावतं. त्या दिवसांत ते एकदा आले आणि आमच्या मालकांना, वामनशेठना विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात बारीक डोळे कोण काढतं? वामनशेठनी माझ्याकडे बोट केलं. मी दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जायला लागले.

त्यांच्या माजघरात दोन मोठी काचेची कपाटं होती. एकात रोमचं सैन्य, दुसऱ्यात कार्थेजचं. तरुणपणी एका जहाजावर असताना इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात काका आणि त्यांचा मित्र ओगले पावसापासून आडोसा म्हणून एका दुकानात शिरले. त्या दुकानात असले शिशाचे सैनिक टेबलावर मांडून दोन प्रौढ माणसं लढाई खेळत होती. काका म्हणाले, आम्ही हसायला म्हणून उभे राहिलो आणि दुकान बंद होईपर्यंत उभेच होतो. दोघांनी आधी एक-एक तुकडी घेतली. मग ज्या बंदरात मिळतील तिथून कोरे सैनिक आणायचे, केबिनमध्ये बसून रंगवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. ओगल्यांचं रोम, काकांचं कार्थेज. दोन्ही मिळून चारशेच्या वर सैनिक, आणि काकांचे बारा हत्ती. ओगले पुण्याला फ्लॅटमध्ये राहत, म्हणून त्यांचं सैन्यही काकांकडेच ठेवलेलं असे. तेवीस वर्षं, नोकरीत असतानाही रजा जुळवून, दर डिसेंबरात ओगले पेणला येत आणि एक दिवस लढाई होई. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला साल आणि निकाल लिहिलेला होता. 'ओ' सतरा वेळा होता, 'फ' सहा वेळा.

त्या वर्षी काकांनी साठ नवे भालाईत आणले होते. अंगाचे रंग त्यांनी कसेबसे भरले होते, चेहरे राहिले होते. ते सांगत, हात थरथरतो. हात काही थरथरत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला दाखवायला म्हणून आपला एक गोफणवाला उचलला आणि त्याची माहिती सांगायला लागले. हातात होता रोमचा शिंग फुंकणारा. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, शिंग लागलं, आणि तो हळूच खाली ठेवला.

"मधोमध काळा डाग आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांना. कडेकडेचं दिसतं. तू कुठे उभी आहेस ते दिसतं, तुझा चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, यावर उपाय नाही."

मी विचारलं, मुलीला माहीत आहे का? ते म्हणाले, तिला सांगितलंय, ती बडोद्याला बोलावते आहे, बघू. मग म्हणाले, "ओगल्याला मात्र कळता कामा नये. एवढी लढाई होऊ दे."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा मानीपणा. मी हो म्हटलं.

मग माझं काम बदललं. भालाइतांचे डोळे झाले आणि मी काकांचे डोळे झाले. टेबल-टेनिसच्या टेबलाएवढं त्यांचं टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या. चार-चार सैनिक एका पट्टीवर चिकटवलेले. कोणती तुकडी किती बोटं सरकते, गोफण कुठवर पोचते, फाशावर किती पडलं तर समोरची फळी मोडते, सगळं त्यांनी मला शिकवलं. हत्तींचा नियम वेगळा होता. हत्ती अंगावर घातले आणि चार किंवा जास्त पडले तर समोरचं सैन्य उधळतं. एक पडला तर हत्तीच बिथरतात, मागे वळतात आणि आपल्याच माणसांना तुडवतात. काका सांगत की खरोखरच्या लढायांतही असंच व्हायचं.

आम्ही ठरवलं, काकांची कंबर धरली आहे, म्हणून ते खुर्चीवर बसतील आणि मी त्यांच्या सांगण्यावरून सैन्य हलवेन. फाशाचे आकडेही मीच मोठ्याने सांगेन. सराव करता करता मी त्यांना कानाशी लागून टेबलाची बातमी द्यायला शिकले. डाव्या टेकडीखाली घोडदळ, दोन वीत पुढे. उजवीकडे मोकळं. त्या दुपारी मला फार आवडायच्या. घरी मला एवढं बोलायला कोणी नव्हतं.

सासर सोडून माहेरी आले आणि लग्नाआधीच्या कारखान्यातल्या कामाला परत लागले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दादाच्या घरी मला कोणी टाकून बोललं नाही. कोणी काही विचारलंही नाही. वहिनी गरम पोळी वाढायची आणि पाणी आलंय, सिलिंडर संपत आलाय, एवढंच बोलायची. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आतलं बोलणं थांबायचं. मग कोणीतरी, "आलीस का?" म्हणायचं आणि मी हो म्हणायचे. एवढ्यावर दिवस संपायचा.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ओगले आले. आदल्या संध्याकाळी खोपोलीवरून येणाऱ्या एसटीने उतरले होते. उंच, टकले, आवाज डेकवर वापरलेला. कॅप्टन म्हणून रिटायर झालेले. मला बघून म्हणाले, "ही कोण? तू सेनापती नेमलास की काय मुकुंदा?" काकांनी कंबरेची कथा सांगितली. ओगल्यांनी दोन शिव्या घालून सहानुभूती दाखवली आणि लढाई सुरू झाली.

ओगले प्रत्येक फाशाला भांडत. मी 'दोन' म्हटलं की ते वाकून, चष्मा कपाळावर चढवून पाहत. "कापडाला सुरकुती आहे, फासा तिरका पडलाय, परत टाका." काकांचा आकडा चांगला पडला की, "तुझ्या फाशात शिसं भरलंय." स्वतःचा वाईट पडला की सगळ्या टेबलालाच शिव्या. काका खुर्चीत मागे टेकून हसत होते. त्यांना तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुपारी जेवून परत बसलो तेव्हा काकांची बाजू पडती झाली होती. डावीकडचं घोडदळ संपलं होतं. गोफणवाल्यांच्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या. मी काकांना कानात सगळं सांगितलं. ते मोठ्याने म्हणाले, "हत्ती. सगळे. मधल्या फळीवर."

मी बाराही हत्ती पुढे सरकवले. काकांनी फासा टाकला. तो रोमच्या पहिल्या ओळीला अडखळून थांबला.

एक पडला होता.

हत्ती वळणार होते. मागे त्या साठ भालाइतांची ओळ होती, ज्यांचे डोळे काढायला मला सात आठवडे लागले होते. काका फाशाच्या थोडंसं बाजूला बघत होते आणि त्यांचा चेहरा वाट बघणाऱ्या माणसासारखा होता.

"पाच," मी म्हटलं.

ओगले सवयीने वाकले. चष्मा कपाळावर गेला. त्यांनी फासा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांची नजर कुठे लागली आहे तेही त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस गरजणार. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"पाच," ते म्हणाले. आणि आपल्या मधल्या फळीच्या पट्ट्या एकेक करून उचलायला लागले.

त्यानंतर तासाभरात लढाई संपली. काका जिंकले. ओगल्यांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, छान खेळलास. काकांनी मला कपाटाच्या दारावर 'फ' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. चहा झाला. ओगले साडेपाचची गाडी धरायला निघाले, मी फाटकापर्यंत गेले.

"कधीपासून दिसत नाही त्याला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते थोडा वेळ बॅगेचा पट्टा घट्ट करत उभे राहिले.

"बरं केलंस पोरी," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षापासून मी सांभाळून घेईन."

मी घरी गेले ती हलक्या पायांनी गेले. कोणासाठी तरी काही केलं, असं मला त्या दोन वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं.

बुधवारी काकांकडे गेले तर त्यांनी सगळं सैन्य कपाटात भरून ठेवलं होतं. कुठलं कुठे गेलं होतं, काही रोमचे कार्थेजमध्ये. ते रिकाम्या टेबलाशी बसले होते. मी सैनिक लावायला कपाट उघडलं.

"त्या हत्तींच्या वेळी किती पडले होते?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"शकू."

मी हातातली पट्टी धरून उभी राहिले. काका रागावलेले दिसत नव्हते.

"ओगल्या गेली तेवीस वर्षं माझ्याशी या टेबलावर भांडतोय," ते म्हणाले. "माझे पाच पडले आणि त्याने मुकाट्याने फळी उचलली, असं होत नाही. किती होते?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईने सांगायला लागले, तुमचे हत्ती वळले असते, सगळं सैन्य गेलं असतं, मला बघवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी सतरा वेळा हरलोय," ते म्हणाले. "अठराव्यांदा हरलो असतो. त्याचं काय एवढं? मी त्याला सांगू नको असं का म्हटलं होतं? तो माझ्यावर दया करेल म्हणून. आता त्याला कळलं. आता तो दर वर्षी येईल आणि दर वर्षी मी जिंकेन." मग म्हणाले, "त्या टेबलावर समोर एक माणूस होता माझ्या. तो तू उठवलास. आता नको येऊस तू."

मी चपला घालून बाहेर पडले.

सतरा-अठरा दिवस मी गेले नाही. कारखान्यात पुढच्या वर्षाच्या मूर्तींचं कच्चं काम सुरू झालं होतं, आखणीला अवकाश होता, तरी मी तिथे जाऊन साचे पुसत बसायचे. आधी माझं मन म्हणत होतं, चांगलं केलं त्याचं हे फळ. म्हाताऱ्या माणसांना कोणी केलेलं भलं दिसत नाही. आणि एका सकाळी साचा पुसताना मला रोहा आठवलं.

माझं सासर रोह्याला. नवरा कंपनीत होता. त्याचं दुसरीकडे घर होतं, तिथे एक बाई होती, आणि हे दोन वर्षं आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मोठी जाऊ रोज संध्याकाळी सांगायची, "भावोजींना आज ओव्हरटाइम आहे गं, तू जेवून घे." शेजारची काकू विनाकारण आंबे आणून द्यायची. भाजीवाली मूठभर जास्त कोथिंबीर टाकायची. मला वाटायचं, काय प्रेमळ माणसं आहेत. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी नवऱ्यापेक्षा मला त्या कोथिंबिरीची जास्त शरम वाटली. दोन वर्षं मी त्या आळीत एकटीच राहत होते आणि मला वाटत होतं, मी माणसांत आहे. मी बॅग भरली तेव्हा जाऊ रडत म्हणाली, "तुला दुःख होऊ नये म्हणूनच गं." तिचं खोटं नव्हतं. तिने माझ्यासाठी केलं होतं.

त्या दुपारी मी पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेतलं. ओगल्यांचा पत्ता मला पाठ होता, काकांची पत्रं मीच लिहून देत असे. मी लिहिलं:

'कॅप्टनसाहेब, फाशावर एक पडला होता हे तुम्हाला आणि मला माहीत आहे, आणि आता काकांनाही माहीत आहे. मी चूक केली. तुम्हीही केली. तुम्ही परत या आणि तिथूनच पुढे खेळा. काकांना जिंकू द्यायचं मनात असेल तर येऊ नका.'

शेवटचं वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. एवढ्या मोठ्या माणसाला असं लिहायची मला सवय नव्हती. पण खोडलं नाही.

आठ दिवसांनी कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड आलं. 'रविवारी सकाळी येतो. टेबल मांडून ठेव.'

शनिवारी दुपारी मी काकांच्या दारात उभी राहिले. त्यांनी आवाजावरून ओळखलं, आत ये म्हणाले नाहीत, जाही म्हणाले नाहीत. मी कार्ड वाचून दाखवलं. पत्रात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ते बराच वेळ दाराची कडी हाताने हलवत उभे होते.

"मांडणार कसं?" ते म्हणाले. "सगळं उचललं मी."

"मला आठवतंय."

"चारशे सैनिक?"

"हो."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी टेबलावर कापड घातलं, टेकड्या ठेवल्या आणि कपाटं उघडली. सात वर्षं मी रोज शेकडो चेहऱ्यांत उजव्या-डाव्या डोळ्यातला केसाएवढा फरक पकडत होते. त्या टेबलाकडे तर मी दिवसभर दोघांच्या वाटचं पाहिलं होतं. काका खुर्चीत बसून माझी परीक्षा घेत होते. डाव्या टेकडीवर काय? रोमच्या तिरंदाजांच्या तीन पट्ट्या, मधली जरा पुढे. माझे गोफणवाले? दोन पट्ट्या, ओढ्याच्या वळणावर, एकाची गोफण मोडलेली. अंधार पडायच्या आत मी शेवटचा हत्ती ठेवला, रोमच्या फळीला सोंड टेकून. मग फासा घेतला आणि पहिल्या ओळीच्या पायाशी ठेवला. वर एक.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी हात लांब केला आणि बोटांनी हत्तींच्या पाठी एकेक करून मोजल्या. बारा भरल्यावर म्हणाले, "चहा टाक."

रविवारी ओगले आले ते दारातूनच ओरडत आले. आंधळा झालास तर कळवायचं नाही का, मी काय परका आहे, एवढी वर्षं एका केबिनमध्ये घोरणं ऐकलं तुझं. काकांनीही आवाज चढवला. तुला कळवलं असतं तर तू काय केलं असतंस? केलंस ना तेच? ओगले टेबलाकडे वळले, एक फेरी मारून सगळं बारकाईने पाहिलं.

"हा तिरंदाज इथे नव्हता," ते म्हणाले.

"होता," मी म्हटलं.

"दोन बोटं मागे होता."

"तुम्ही जेवायला उठायच्या आधी पुढे घेतलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आठवून पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "बरं. एक पडलाय. वळव तुझे हत्ती."

मी बाराही हत्ती वळवले आणि काकांच्या सांगण्यावरून मागच्या भालाइतांवर घातले. मी डोळे काढलेली माणसं चार-चारने आडवी केली. कोण पडलं ते काका विचारत होते आणि मी नाव-गाव सांगितल्यासारखी प्रत्येक पट्टी सांगत होते. ओगल्यांनी दया दाखवली नाही. उरलेलं घोडदळ घेऊन ते वळसा घालून काकांच्या मागे आले, गोफणवाले कापून काढले, आणि वर फाशावरून भांडलेही. एकदा काकांचे सहा पडले तर ओगल्यांनी फासा खिडकीजवळ उजेडात नेऊन तपासला. काका म्हणाले, "आता तर तूच आंधळा झालास." दोघंही इतके हसले की काकांना ठसका लागला आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.

दोन वाजता काकांकडे हॅनिबल आणि एक हत्ती एवढेच उरले. त्यांनी विचारलं, पळायला वाट आहे का? मी सांगितलं, नाही. त्यांनी स्वतः हात पुढे करून हॅनिबलला शोधला आणि आडवा केला.

कपाटाच्या दारावर मी 'फ' पुसून 'ओ' लिहिलं.

त्या दिवशी मी ओगल्यांना पोचवायला गेले नाही. काकाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून स्टँडपर्यंत गेले. वाटेत दोघांचं मोठमोठ्याने काहीतरी चाललं होतं, ते मला फाटकातून वळणापर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतर आणखी दोन वर्षं ओगले डिसेंबरात आले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. काकांनी तो ऐकला, रिसीव्हर जागेवर ठेवायला त्यांना दोनदा चाचपावं लागलं. त्या महिन्यात त्यांनी कपाटं उघडू दिली नाहीत. मी बुधवारी, शनिवारी जात होते, पेपर वाचून दाखवत होते. एका शनिवारी पेपर अर्ध्यावर थांबवून ते म्हणाले, "रोम घेशील का तू?"

मी म्हटलं, मला जमेल का माहीत नाही. ते म्हणाले, न जमलं तर हरशील.

आकडे मी सांगायचे, दोन्ही बाजूंचे. त्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. पुढची चार वर्षं, ते बडोद्याला जाईपर्यंत, आम्ही अकरा लढाया खेळलो. आठ मी जिंकले. तीन ते जिंकले. त्यांतली शेवटची मी हरले तेव्हा माझी बाजू चढती होती. माझ्या घाईमुळे मी उजवी बगल उघडी टाकली आणि त्या म्हाताऱ्याने, ज्याला टेबलाचा मधला भाग कधीच दिसत नव्हता, बरोबर तिथे हत्ती घातले. फासा त्यांनी टाकला आणि मी मोठ्याने 'सहा' म्हटलं. मला इतका राग आला होता की निरोप न घेता मी निघाले.

घरी आले तेव्हा वहिनी ओट्याशी मटार सोलत होती. मी पिशवी आपटली असणार.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हरले."

एरवी ती 'बरं' म्हणाली असती. तिने मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि एक शेंग हातात धरून विचारलं, "कशात गं? कोणाशी?"

मी तिच्याजवळ बसले. शेंगा सोलायला घेतल्या. हत्ती, फासा, फणसेकाका, हे सगळं तिला नीट कळावं म्हणून कुठून सांगावं, याचा थोडा वेळ विचार केला, आणि मग रोह्यापासून सुरुवात केली.